मॉल, बाजारपेठ आणि रेल्वे स्थानक : उल्हासनगर ते बदलापूर

प्रास्ताविक

मॉलविषयीच्या मराठी लेखनात सामान्यतः दोन सूर आढळतात. एका सुरात मॉल म्हणजे चंगळवादाचे देवालय, तर दुसऱ्या सुरात तो प्रगतीचा पुरावा ठरतो. मात्र हा वास्तुप्रकार कोणत्या प्रकारच्या वस्तीसाठी जन्मला व कोणत्या वस्तीत येऊन स्थिरावला, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी बाजूला पडतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या शहरांच्या संदर्भात तो तपासणे अगत्याचे आहे.

मॉलची मूळ प्रेरणा

वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्यानुसार अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५६ साली 'साउथडेल' हे बंदिस्त, वातानुकूलित व्यापारसंकुल सुरू झाले. मोटारीच्या भरवशावर विखुरलेल्या उपनगरांना मध्यवर्ती चौक नव्हता. तो निर्माण करावा, हा ग्रुएन यांचा हेतू होता. प्रत्यक्षात दुकाने व वाहनतळ एवढेच उरले आणि उत्तरायुष्यात त्यांनी या अपत्याचे पितृत्व नाकारले. तात्पर्य, मॉल हा केंद्रहीनतेवरचा उपाय म्हणून जन्माला आला होता.

स्थानकाभोवतीचे शहर

ही केंद्रहीनता उल्हासनगरात कधीच नव्हती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही 'कॅम्प'च्या क्रमांकाने ओळखले जातात. सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. घर, कारखाना व दुकान यांतील अंतर जेथे काही पावलांचे असते, अशा दाटीतून जपानी बाजार, गजानन मार्केट आणि फर्निचर बाजार आकारास आले.

बदलापूरची घडण वेगळी आहे. उल्हास नदीकाठचे जुने बदलापूर गाव आणि कुळगाव एकाच नगरपरिषदेत आले. २००१ साली लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. येथील असंख्य नोकरदार जवळजवळ ७० किलोमीटर अंतरावरील मुंबईस रोज ये-जा करतात. त्यांच्या लेखी बाजार ही सवडीने जाण्याची जागा नसून फलाट आणि घर यांमधील वाट आहे. भाजी, दूध, औषधे, रिक्षाची रांग हे सारे त्याच वाटेवर भेटते. परतीच्या लोकलमध्येच भाजी निवडणारी स्त्री पाहिली, की प्रवास, बाजार आणि स्वयंपाकघर किती एकजीव झाले आहेत, हे ध्यानी येते. स्थानक हाच येथील चौक होय.

आकर्षणाचे खरे कारण

असे असूनही मॉल लोकांना हवासा वाटतो; त्याचे कारण केवळ चंगळवादात शोधणे अन्यायाचे ठरेल. स्वच्छ स्वच्छतागृह, अडखळावे न लागणारी जमीन, गारवा, स्त्रीला वा वृद्धाला कोणी हटकल्याविना तासभर थांबता येईल अशी जागा, या गरजा खऱ्या आहेत. बाजारपेठेचे गोडवे गाणारी टीका तेथील पदपथांचा अभाव व पावसाळ्यातील चिखल सोयीस्करपणे विसरते. वस्तुतः या सोयी पुरविणे हे नगरसंस्थेचे कर्तव्य होते. ते अपुरे राहिले म्हणून मॉलचे आकर्षण वाढले.

तथापि मॉलमधील हे स्वागत सशर्त असते. मुंबईत १९९९ साली सुरू झालेल्या 'क्रॉसरोड्स' मॉलमध्ये आरंभीच्या काळात भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड जवळ असणाऱ्यांनाच विनाशुल्क प्रवेश होता. ती अट पुढे गेली, पण तिने उघड केलेले तत्त्व कायम आहे. मॉलचे दार मालकाचे असते. तेथे हिंडता येते. पण टोपली घेऊन विकावयास बसता येत नाही, सभा भरविता येत नाही. बाजारात गिऱ्हाईक आणि विक्रेता या दोघांनाही शहरावर हक्क सांगता येतो. मॉलमध्ये गिऱ्हाइकाला तेवढी परवानगी मिळते.

समारोप

म्हणून मॉल की बाजारपेठ, ही निवडच फसवी आहे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडले जावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद केली आहे. स्थानकपरिसराचे नियोजन या समितीच्या विचाराने झाले आणि बाजारातच स्वच्छतागृह, बाके व सावली मिळाली, तर मॉल हे केवळ एक मोठे दुकान ठरेल. उलट विक्रेत्यांना हटवून रस्ता मोकळा केला आणि बसण्याची सोय मॉलवर सोपविली, तर शहराचे केंद्र नकळत खाजगी मालकीचे होईल. बदलापुरासारख्या वाढत्या शहरापुढील खरा धोका हाच आहे.