सेरोटोनिनचा तराजू : एका सोयीच्या चित्राची उलटतपासणी

मेंदूविषयी सोप्या भाषेत लिहिलेल्या लेखांत आणि शिबिरांतल्या तक्त्यांवर एक चित्र हमखास आढळते. तराजूच्या एका पारड्यात हसरा चेहरा, दुसऱ्यात रडका, आणि खाली वाक्य : नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन कमी होणे. हे चित्र आम्हीही शिक्षकांपुढे बोलताना अनेकदा वापरले. एका शिबिरात चहाच्या वेळी एका शिक्षिकेने विचारले, "माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर गप्पगप्प आहे. तिचे सेरोटोनिन किती, हे कोणत्या तपासणीत कळेल?" अशी तपासणी नाही, हे आम्हाला ठाऊक होते. मग ते 'कमी' आहे, हे आम्ही कशाच्या आधारावर सांगत होतो?

या कल्पनेचा उगम काही अंशी आपल्याच मातीत आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार होत आला. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनमधील नियतकालिकात मांडला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच दशकाच्या मध्यास अमेरिकेत ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की रेसरपिन दिल्यावर सशांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. सेरोटोनिन हे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन आहे. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा नोंदीही डॉक्टर करू लागले होते.

दुसरा धागा क्षयरोगाचा. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध घेणाऱ्या क्षयरोग्यांपैकी काही जण अनपेक्षितपणे उत्साही झाले. हे औषध सेरोटोनिनसारख्या निरोप्या रसायनांचे विघटन करणाऱ्या विकराला अडवते. दोन्ही धागे जुळले : साठा रिता झाला की खिन्नता, साठा टिकला की उत्साह. १९६५ साली शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रेनलिनच्या, तर १९६७ साली कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या संदर्भात ही मांडणी केली. गृहीतक म्हणून ती चांगलीच होती, कारण ती तपासून पाहता येत होती. ती अतिसुलभ असू शकेल, असे खुद्द शिल्डक्राउट यांनीच बजावले होते.

आमची तक्रार गृहीतकाविरुद्ध नाही. त्याचे सिद्धांतात रूपांतर करणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि त्यांत आम्हीही आलो. विरुद्ध पुरावा पहिल्यापासून होता. १९५५ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एका गटाला रेसरपिन आणि दुसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली. खिन्नता आणणारे म्हणून बदनाम झालेल्या रेसरपिननेच रुग्णांना बरे वाटले! हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, पण कथेत बसत नसल्याने मागे पडला.

पुढचा आक्षेप वेळेचा. सेरोटोनिनचे पेशीत पुन्हा होणारे शोषण रोखणारी औषधे ते काम काही तासांत करतात. रुग्णाला बरे वाटायला मात्र बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. केवळ रसायनाचे पारडे भरायचे असते, तर इतका उशीर का? तिसरा आक्षेप आहाराच्या प्रयोगांचा. शरीर ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवते. निरोगी स्वयंसेवकांना ट्रिप्टोफॅन नसलेले मिश्रण देऊन ते घटवले, तरी सामान्यतः त्यांना नैराश्य आले नाही. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी अशा सर्व प्रकारच्या पुराव्यांचा आढावा घेतला. नैराश्याचे कारण सेरोटोनिनची कमतरता आहे, याला सुसंगत आधार त्यांना आढळला नाही. त्यांच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी टीका केली. तथापि साध्या 'कमतरते'च्या चित्राचा बचाव टीकाकारांपैकीही फारसा कोणी केला नाही.

मूळ चूक तर्काची आहे. दुष्काळी गावात टँकर आला की हंडे भरतात. म्हणून टँकर नसल्यामुळे दुष्काळ पडला, असे कोणी म्हणत नाही. उपायावरून कारण ओळखता येतेच असे नाही.

मग हे चित्र टिकले कसे? १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि औषध कंपन्यांच्या जाहिरातींनी तराजू घरोघरी नेला. पण त्यामागे एक चांगला हेतूही होता. 'मनाचा कच्चा' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसाला 'हा तुझा दोष नाही' असे सांगण्याची ती सोय होती. तो हेतू आम्हाला आजही मान्य आहे. चुकीच्या आधारावर उभी केलेली सहानुभूती मात्र आधार हलताच कोसळते. २०२२ नंतर नेमके तेच घडू लागले : सेरोटोनिनची गोष्ट खोटी, म्हणजे औषधेही खोटी, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

ही तीच तर्काची चूक, उलट्या दिशेने. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात तपासलेली २१ औषधे नैराश्याच्या प्रौढ रुग्णांमध्ये निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता, पण होता. ती कशी काम करतात, चेतापेशींमधील जोडण्या त्यांमुळे सावकाश बदलतात का, यावर संशोधन चालू आहे. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला. त्याची यंत्रणा आजही पुरती उलगडलेली नाही, तरी असंख्य रुग्ण त्यावर सावरले आहेत. म्हणून चालू औषध डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करणे घातक आहे, हे वर्गात स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

तक्ता भिंतीवरून काढून फेकू नये, असे आम्ही सुचवू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर तो ठेवावा आणि विचारावे : हे वाक्य खरे असेल, तर काय काय दिसायला हवे? प्रत्यक्षात काय दिसले? गृहीतक आणि सिद्धांत यांतला फरक समजावायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आणि त्या शिक्षिकेला आज आम्ही वेगळे उत्तर देऊ. तपासणीची वाट पाहू नका. मुलगी गप्प झाली आहे, हे तुमच्या लक्षात आले, ही पहिली नोंद झाली. तिच्याजवळ बसा, ऐका, पालकांशी बोला, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यास मदत करा. शासनाची 'टेली-मानस' सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिचा दोष नाही, हे सांगायला तराजूची गरज नव्हतीच.