कायद्याचा वाचक

मराठीत ‘संहिता’ हा शब्द साहित्यकृतीलाही लागतो आणि दंडविधानालाही. द्वेषमूलक वक्तव्याच्या चर्चेत हा योगायोग बोलका ठरतो, कारण एखाद्या लेखनाने समाजात वैर पेटेल काय हे ठरविताना न्यायालयाला एक वाचक कल्पावाच लागतो. ‘भगवतीचरण शुक्ल’ खटल्यात (१९४६) नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो घडविला. हा वाचक विवेकी, खंबीर व धैर्यवान आहे. दुबळ्या मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणारा नव्हे. ‘तमस’ मालिकेविरुद्धची याचिका फेटाळताना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष स्वीकारला. इझरच्या ‘गर्भित वाचका’शी त्याचे साम्य वरवरचे आहे. इझरचा वाचक संहितेच्या घडणीतून सिद्ध होतो. बोस यांचा वाचक संहितेच्या रक्षणासाठी बाहेरून नेमला जातो.

लेखकाच्या बाबतीत तर अंतर अधिकच वाढते. बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला असला तरी १५३अ व २९५अ या कलमांना (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील १९६ व २९९) लेखक जिवंतच हवा असतो. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक ग्रंथावरून झालेली फौजदारी कारवाई २००७ साली रद्द झाली, ती दुष्ट हेतू दिसून येत नाही म्हणून. अर्थ सर्वस्वी वाचकाधीन मानणाऱ्या समीक्षेने याची नोंद घेतलेली बरी. तिचाच युक्तिवाद दुखावलेला वाचक उद्या फिर्यादीत वापरील.

परंतु बोस यांच्या खंबीर वाचकाला जात नाही, वस्ती नाही. द्वेषाचे भाषण ज्यांना ऐकविले जाते ते एक, ज्यांच्याविषयी असते ते दुसरेच. हा निकष पहिल्यांच्या मनावरील परिणाम मोजतो. दुसऱ्यांना त्यात जागाच नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने (१९८९) ती काही अंशी दिली. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी मानखंडनेच्या हेतूने केलेला अपमान हाच तेथे गुन्हा. त्यातून दंगल उसळण्याची आवश्यकता नाही. शिवी भावना दुखावते एवढेच नव्हे, ती माणसाची पायरी ठरविते, हे दलित आत्मकथनांच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र भावना दुखावल्याची तक्रार आणि हा अपमान एक नव्हेत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर संस्थेवर लेन-प्रकरणातून हल्ला करणारे दुखावलेले असतीलही. त्या ग्रंथाने त्यांची पायरी बदलली नव्हती. ‘अमीश देवगण’ निकालात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्य झालेल्या समूहाच्या प्रतिष्ठेचा विचार केला. पण केवळ दुखावलेला आणि खरोखर अवमानित, यांतला भेद ओळखण्याचे काम बोस यांच्या वाचकाकडे सोपविता येत नाही.