‘मिळून आला नाही’ : अबजावित वॉरंटांच्या भाषेची एक चिकित्सा

१

न्यायालयाने अटकेचे वॉरंट काढावे, ते पोलीस ठाण्यात यावे, एखाद्या अंमलदाराच्या हाती पडावे आणि काही दिवसांनी ‘सदर इसमाचा शोध घेतला असता तो मिळून आला नाही’ अशा शेऱ्यासह परत जावे, हा क्रम महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयास परिचित आहे. या क्रमाची चर्चा सामान्यतः प्रशासनाच्या अंगाने होते. मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त फार आहे, पत्ते अपुरे आहेत, ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. तुळजापूरच्या नवरात्रात किंवा पौर्णिमेच्या यात्रेत जिल्ह्यातील पोलीस कशात गुंतलेले असतात, हे धाराशिवकरांस सांगावयास नको. तथापि या प्रश्नाला भाषेचेही एक अंग आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वॉरंट हा शब्दांनी केलेला हुकूम असतो. त्याच्या बजावणीचा किंवा अबजावणीचा पुरावाही शब्दांचाच असतो. ते शब्द काय सांगतात आणि काय झाकतात, याची तपासणी धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धाराशिव निवडण्याचे कारण केवळ सान्निध्याचे नाही. १८५३ साली नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने इंग्रजांकडे सोपविला आणि १८६० साली तो त्यास परत मिळाला. पुढे १९४८ पर्यंत येथील सरकारदरबारावर उर्दूची छाप राहिली. १९५१ साली भारतीय फौजदारी प्रक्रियेचा कायदा हैदराबाद राज्यास लागू झाला, १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. एकाच शतकात एकाच ठाण्याच्या दप्तराने उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा तीन परिभाषा पाहिल्या. अशा ठिकाणी शब्दांची झीज आणि भर दोन्ही स्पष्ट दिसतात.

२

प्रथम हा शब्दसंग्रह पाहू. उर्दू न्यायव्यवहारात वॉरंटाची ‘तामील’ होते, पळालेला आरोपी ‘मफरूर’ वा ‘रूपोश’ असतो, त्याच्याविरुद्ध ‘इश्तेहार’ निघतो आणि मालमत्तेची ‘कुर्की’ होते. मुंबई इलाख्याच्या मराठीत याच चार ठिकाणी ‘बजावणी’, ‘फरारी’, ‘जाहीरनामा’ आणि ‘जप्ती’ हे शब्द रुळले. राज्यस्थापनेनंतर घडविल्या गेलेल्या परिभाषेने ‘अधिपत्र’ आणि ‘उद्घोषणा’ यांची भर घातली. त्यांपैकी ‘अधिपत्र’ पोलिसांच्या बोलण्यात रुजले नाही. ठाण्यात ‘पकड वॉरंट’ चालते आणि अजामीनपात्र वॉरंटाचे तर इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एनबीडब्ल्यू’ होते.

वरवर पाहता ही केवळ पर्यायांची यादी वाटेल, परंतु प्रत्येक शब्दाचा रोख निराळा आहे. ‘तामील’ आणि ‘अंमल’ हे एकाच अरबी धातूपासून आलेले, कृतीवर भर देणारे शब्द. ‘बजावणी’ फारसी ‘बजा’शी निगडित, म्हणजे एखादी गोष्ट जागी पोहोचविणे. मराठीने दोहोंना एकत्र करून ‘अंमलबजावणी’ असा भक्कम समास केला आहे. ज्याच्या हाती वॉरंट जाते तो ‘अंमलदार’ही त्याच कुळातला. ‘फरारी’मध्ये पळण्याची क्रिया आहे. ‘रूपोश’मध्ये मात्र तोंड झाकण्याची, म्हणजे जाणूनबुजून दडण्याची क्रिया आहे. मराठीने ‘फरारी’ ठेवला आणि ‘रूपोश’ सोडला. हा बदल किरकोळ नाही, हे पुढे दिसेल.

याखेरीज मराठीजवळ आणखी एक शब्द आहे : ‘परागंदा’. मूळ फारसी अर्थ विखुरलेला. दुष्काळाने, सावकारीने किंवा दंगलीने घरदार सोडून गेलेल्या माणसाला मराठी माणूस ‘फरारी’ म्हणत नाही, ‘परागंदा झाला’ म्हणतो. ज्याचा ठावठिकाणा कळत नाही, परंतु ज्याच्यावर आरोप नाही, तो ‘बेपत्ता’. लोकभाषेने गैरहजेरीचे असे निदान तीन प्रकार मानले आहेत. ठाण्याच्या दप्तरात ते एकाच रकान्यात येतात. ‘फरारी व पाहिजे आरोपी’ हा जोडशब्द वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळतो. त्यात पळालेला कोण आणि केवळ अद्याप न पकडलेला कोण, हे वाचकास कळत नाही.

३

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘शोध घेतला असता मिळून आला नाही.’ मराठीत ‘शोधणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्यास कर्ता लागतो आणि भूतकाळात तो ‘ने’ प्रत्ययाने किंवा त्याच्या समकक्ष रूपाने उभा राहतो : ‘अंमलदाराने त्याला शोधले.’ ‘मिळणे’, ‘सापडणे’ ही अकर्मक क्रियापदे आहेत. त्यांत जे मिळते तेच वाक्याचा कर्ता होते. ज्यास मिळाले तो चतुर्थीत जातो किंवा गळतो. ‘मिळून येणे’ हे संयुक्त रूप तर पाहणाऱ्यास वाक्यातून पूर्णपणे बाहेर काढते. पंचनाम्यात ‘चाकू मिळून आला’ असे लिहितात. वॉरंटाच्या अहवालात त्याच क्रियापदाने ‘इसम मिळून आला नाही’ असे लिहितात. वस्तू आणि माणूस यांची रचना एकच.

शोधाचा उल्लेख वाक्यात आहे, परंतु तो ‘असता’ या कृदंताच्या आश्रयाने गौण उपवाक्यात गेला आहे. मुख्य विधान न मिळण्याचे आहे. परिणामी न मिळण्याची जबाबदारी व्याकरणदृष्ट्या न मिळणाऱ्यावर पडते. कोणी शोधले, केव्हा, कोठे, कोणास विचारले आणि काय उत्तर आले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्य देत नाही. आणि तरीही वाक्य पूर्ण वाटते. यातच त्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका आहे. जे विधान तपासता येत नाही, ते खोटेही ठरविता येत नाही.

‘इसम’ शब्दाचीही एक गंमत आहे. अरबीत त्याचा अर्थ ‘नाव’. मराठीत तो ‘व्यक्ती’ या अर्थाने स्थिरावला. वॉरंटाच्या बाबतीत मूळ अर्थच खरा ठरतो, कारण अंमलदाराच्या हाती एक नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव एवढेच असते. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले म्हणजे कागदावरचा इसम कोणता, हे पोलीस पाटलाच्या ओळखीवर ठरते.

या वाक्याखाली तीन अगदी भिन्न वस्तुस्थिती सुखाने नांदू शकतात. पहिली, आरोपी वॉरंटाची खबर लागून खरोखर पळाला आहे. दुसरी, तो पोटासाठी बाहेरगावी आहे आणि वॉरंटाची त्यास वार्ताही नाही. तिसरी, तो गावातच आहे, बाजारात आणि लग्नकार्यात सर्वांस दिसतो, परंतु शोध असा झालेलाच नाही. पहिल्यात कायद्याचा अवमान आहे, दुसऱ्यात गरिबी आहे, तिसऱ्यात कर्तव्यच्युती आहे. फिर्यादी, विशेषतः दुबळा फिर्यादी, तिसऱ्या स्थितीत सर्वांत अधिक भरडला जातो. कारण त्याच्या डोळ्यांसमोर वावरणारा माणूस कागदावर ‘मिळून आलेला’ नसतो आणि खटला अडून राहतो.

४

कायदा या तीन स्थितींत भेद करतो काय? करतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे उद्घोषणा काढण्यापूर्वी न्यायालयास असे मानण्यास कारण असावे लागे की, आरोपी फरारी झाला आहे किंवा वॉरंटाची बजावणी होऊ नये म्हणून दडून बसला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये हीच तरतूद कायम आहे. उद्घोषणेच्या विहित नमुन्यात तर दोन स्वतंत्र विधाने आहेत : आरोपी सापडत नाही असा अहवाल आला, हे एक, आणि तो पळाला किंवा दडला आहे अशी न्यायालयाची खातरी पटली, हे दुसरे. पहिले विधान पोलिसांचे, दुसरे न्यायालयाचे. पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. मध्ये पुराव्याची एक पायरी आहे. ‘फरारी’ आणि ‘रूपोश’ या दोन्ही कल्पना कायद्यास हव्या आहेत. आपल्या दप्तरी भाषेत मात्र ‘मिळून आला नाही’ हे वाक्य दोन ओळींनंतर ‘सबब फरारी आहे’ असे होऊन जाते आणि मधली पायरी ‘सबब’ या एका शब्दात बुडते.

उद्घोषणेच्या प्रसिद्धीची रीतही पाहण्यासारखी आहे. ती आरोपी सामान्यतः जेथे राहतो त्या गावी ठळक जागी जाहीरपणे वाचून दाखवावी, त्याच्या घरावर किंवा गावातील ठळक जागी चिकटवावी आणि न्यायालयाच्या इमारतीवर लावावी, अशी आज्ञा आहे. कायद्याने येथे दवंडीची परंपरा जतन केली आहे. ‘उद्घोषणा’ हा नवा शब्द त्या दृष्टीने ‘जाहीरनामा’पेक्षा यथार्थ आहे, कारण त्यात घोष आहे, तर ‘जाहीरनाम्या’त केवळ कागद. शब्द बोलका झाला. आचार मुका राहू नये, ही दक्षता मात्र शब्दाने घेता येत नाही.

हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. आता कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांचा विचार करावा. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मार्गशीर्षात गावच्या चावडीपुढे वाचलेली उद्घोषणा त्यांच्या कानी कशी पडावी? तीस दिवसांची मुदत पाच महिन्यांच्या गैरहजेरीत सहज बुडून जाते. हा माणूस लोकभाषेत फरारी नाही, परागंदाही नाही, तो ‘कोयत्यावर गेला’ आहे. गावातील पोरही हे सांगू शकेल, परंतु अहवालाच्या वाक्यात या माहितीस जागा नाही.

उमरगा तालुक्याच्या सीमेवर आणखी एक अडचण आहे. वॉरंट भारतात कोठेही बजावता येते, असे कायदा म्हणतो. परंतु न्यायालयाच्या हद्दीबाहेर जाताना सामान्यतः तेथील दंडाधिकाऱ्याचे किंवा ठाण्याच्या अधिकाऱ्याचे पृष्ठांकन घ्यावे लागते; विलंबाने बजावणी हुकेल असे वाटल्यास त्यावाचूनही चालते. आळंद किंवा बसवकल्याण हाकेच्या अंतरावर असले तरी मराठी वॉरंटास तेथे कन्नड दप्तर भेटते. सोयरीक सीमा ओलांडते, कागद अडखळतो.

५

गैरहजेरी हाच अपराध मानण्याची सवय आपल्या पोलीसव्यवस्थेत जुनी आहे. १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झालेला स्लीमनचा ‘रामासीआना’ हा ठगांच्या बोलीचा संग्रह म्हणून भाषाभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु तो शोधखात्याच्या कामाचे साधन म्हणूनच निर्माण झाला होता. १८५३ पासून नळदुर्गचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने त्यापूर्वी १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली होती. तीत पाठलाग झालेला माणूस निदान प्रथमपुरुषी बोलतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातींस हजेरीच्या बंधनात टाकले. परवान्यावाचून जागा सोडणे हाच गुन्हा झाला. शेजारच्या सोलापुरात अशा लोकांची तारेच्या कुंपणातील वसाहत होती. १९५२ साली तो कायदा गेला. पारधी वस्तीत शोधास जाणाऱ्याच्या मनातील ‘न दिसला म्हणजे पळाला’ हे समीकरण कायद्याबरोबर गेले किंवा नाही, हे प्रत्येक अहवालाच्या शब्दांतूनच तपासावे लागेल.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. वॉरंट रद्द होईपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत जिवंत राहते, असा नियम आहे. रद्द झाल्याची खबर मात्र वॉरंटाइतक्या वेगाने धावत नाही. मुंबईत १५ ऑगस्ट २००२ रोजी एका वकिलास आधीच रद्द झालेल्या अजामीनपात्र वॉरंटावरून अटक झाली. त्या प्रकरणी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटांना अनुक्रमांक असावेत, न्यायालयात व ठाण्यात नोंदवह्या असाव्यात, परतीची तारीख घालावी आणि रद्द झाल्याचे तत्काळ कळवावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ही सर्व तत्त्वे, बारकाईने पाहिल्यास, लेखनाच्या शिस्तीचीच आहेत.

६

हा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे, याचे कारण नव्या संहितेचे कलम ३५६. पूर्वी फरारी आरोपीच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवून ठेवता येत. निकाल मात्र थांबे. आता दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेच्या, जन्मठेपेच्या अथवा मृत्युदंडाच्या अपराधात उद्घोषित अपराधी ठरलेला आणि खटला टाळण्यासाठी पळालेला माणूस लवकर हाती येण्याची शक्यता नसेल, तर त्याने हजर राहण्याचा हक्क सोडला असे मानून खटला चालविता येतो आणि निकालही देता येतो. त्यास काही संरक्षणे आहेत : दोषारोप ठेवल्यापासून नव्वद दिवस जावे लागतात, किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटे निघावी लागतात, वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते, नातेवाइकास वा मित्रास कळवावे लागते, सरकारी खर्चाने वकील मिळतो. परंतु निकालास तीन वर्षे उलटल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही, आणि त्या मुदतीतही आरोपीने न्यायालयापुढे यावेच लागते.

ज्याचा खटला पळपुट्या आरोपीमुळे वर्षानुवर्षे अडला, त्या फिर्यादीस या तरतुदीने दिलासा मिळेल, यात शंका नाही. तथापि या सर्व डोलाऱ्याच्या पायाशी तेच अकर्तृक वाक्य आहे. पूर्वी त्याने खटला थांबे. आता त्यावरून माणूस न ऐकता दोषी ठरू शकतो. एवढा भार वाहण्याची शक्ती ‘मिळून आला नाही’ या रचनेत नाही.

उपाय सोपा आहे आणि त्यास नवा कायदा लागत नाही. अहवालातील मुख्य क्रियापद ‘मिळणे’ऐवजी ‘जाणे’ आणि ‘विचारणे’ हे असावे. ‘मी अमुक तारखेस, अमुक वेळी, अमुक वस्तीवर गेलो, घरात अमुक नात्याची व्यक्ती भेटली, तिने व पोलीस पाटलाने असे सांगितले, यापूर्वी अमुक तारखेस गेलो होतो’ : अशा चार वाक्यांत कर्ता, काळ, स्थळ आणि साक्ष येतात. तो ऊसतोडीस गेला असल्यास कोणत्या कारखान्याकडे आणि कोणत्या मुकादमाबरोबर, हे एक वाक्य अधिक. असा अहवाल वाचून न्यायालयास पळालेला, गेलेला आणि न शोधलेला यांत भेद करता येईल. प्रामाणिक अंमलदारास त्याचा जाच नाही. त्याचे पायपिटीचे श्रम प्रथमच कागदावर दिसतील.

१९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कामकाजाची भाषा म्हणून मराठीस मान्यता आहे. इंग्रजी गेली आणि मराठी आली, एवढ्याने भाषेचे काम संपत नाही. मराठीत कर्ता लपविण्याच्या सोयी पुष्कळ आहेत; त्या कोठे वापराव्यात आणि कोठे वापरू नयेत, हे सांगणे भाषाभ्यासकाचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बोलींच्या संग्रहाइतक्याच आस्थेने न्यायालयीन निकालपत्रांत उद्धृत झालेल्या अशा अहवालांचा संग्रह करावा, त्यांतील कर्तृलोपाची गणना करावी आणि ती तालुकावार मांडावी. विभागाने हे काम हाती घेतल्यास न्यायव्यवहाराच्या परिभाषेची चर्चा शब्दांच्या पर्यायांपलीकडे, वाक्यांच्या जबाबदारीपर्यंत जाईल.