पोकरचे विजेते आणि पाने टाकण्याची विद्या

खेळाडूंची चरित्रे लिहिण्याची व वाचण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे, आणि मल्ल, क्रिकेटपटू व बुद्धिबळपटू यांच्या पंक्तीस आता पोकर या पत्त्यांच्या खेळातील विजेताही येऊन बसला आहे. सुशिक्षित घरांतील तरुण ही चरित्रे आवडीने वाचतात, ते डाव पडद्यावर पाहतात, आणि 'हा जुगार नव्हे, ही विद्या आहे,' असे वडीलमाणसांस ऐकवितात. वडीलमाणसे 'जुगार तो जुगारच,' एवढे बोलून विषय संपवितात. आमच्या मते या वादात दोन्ही पक्ष उतावळे आहेत. जुगार म्हणून जे झिडकारले जाते त्यात पुष्कळ विद्या आहे. आणि विद्या म्हणून जे वाखाणले जाते, त्यात ती विद्या बहुधा नसते. म्हणून या विजेत्यांची रीत कोणती होती व त्या रीतीने त्यांचे काय झाले, हे टीकेच्या कसोटीस लावून पाहणे अवश्य झाले आहे.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येक भिडूस दोन झाकलेली पाने मिळतात. मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. सातांतून उत्तम पाच ज्याची, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यास पण वाढवावा, बरोबरी करावी, किंवा पाने टाकून मोकळे व्हावे. दोन पानांच्या जोड्या १३२६ होतात, आणि हाती दोन एक्के येण्याचा योग सरासरीने २२१ डावांत एकदा. बरे, ते दोन एक्के आले तरी दोन राजे घेऊन बसलेल्या भिडूपुढे ते शंभरांत अठरा वेळा हरतात. म्हणजे नशीब या खेळातून हाकलता येत नाही. परंतु बाकीच्यांनी पाने टाकली तर हाती काहीही नसलेला भिडू डाव जिंकतो व त्यास पाने दाखवावी लागत नाहीत. आमच्या सावंतवाडीच्या गंजिफांत १२० पानांची स्मरणशक्ती लागते, हूल देण्यास तेथे फारसा वाव नाही. पोकरचा जीव मात्र त्या हुलीतच आहे.

या खेळाची जागतिक स्पर्धा १९७० साली लास वेगास येथे बेनी बिनियन यांच्या जुगारगृहात सुरू झाली. पहिल्या वर्षी भिडूंच्या मताने जॉनी मॉस विजेते ठरले. १९७१ व १९७४ साली त्यांनी खेळून तो मान मिळविला. मॉस हे जुन्या टेक्सासच्या मुशीतले, दीर्घकाळ बैठक मारून प्रतिपक्ष थकण्याची वाट पाहणारे. त्यांच्या मागून आलेले डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ व १९७७ असा लागोपाठ दोनदा विजय मिळविला, आणि योगायोग असा की दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्यांच्या हाती दश्शी व दुर्री होती. लोकांनी त्या दोन पानांस ब्रन्सन यांचे नाव दिले. येथेच लोकांची रसिकता चुकते. ती पाने हीन आहेत. त्यांनी जिंकणे हा अपवाद होता. ब्रन्सन यांची खरी रीत होती ती सतत चढाई करून प्रतिपक्षावर निर्णयाचे ओझे टाकण्याची. दुबळी पाने असणाऱ्यास 'टाकू की राहू' या पेचात पुनःपुन्हा पाडावे, म्हणजे तो आपण होऊन चुकतो, हे त्यांनी ओळखले होते. 'सुपर सिस्टम' हा ग्रंथ लिहून त्यांनी ही रीत शास्त्राच्या पायरीवर आणली, आणि त्यामुळे आपले गुपित प्रतिस्पर्ध्यांस कळले असे पुढे तेच म्हणत. २०२३ साली ८९ व्या वर्षी ते वारले. इतकी वर्षे टिकून राहणे हाच आम्हांस त्यांचा मोठा विजय वाटतो.

याच्या नेमके उलट चरित्र स्टू उंगर यांचे. न्यूयॉर्कचा हा मुलगा जिन रमी या खेळात इतका निष्णात झाला की त्याच्याशी खेळावयास कोणी राजी होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० साली त्याने अंतिम डावात ब्रन्सन यांनाच हरविले; १९८१ साली पुन्हा जिंकला; आणि मधली सोळा वर्षे व्यसनांत व कर्जात घालवून १९९७ साली तिसऱ्यांदा जिंकला. या वेळी प्रवेशाचे दहा हजार डॉलर भरण्यासही त्याच्यापाशी पैसे नव्हते. दुसऱ्याने ते भरले व बक्षिसाची दहा लाखांची रक्कम वाटून घेतली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ४५ व्या वर्षी, वेगासमधील एका स्वस्त खोलीत तो मृतावस्थेत सापडला. चरित्रकार त्यास प्रतिभावंत म्हणतात, आणि तो होताच. समोरच्याची पाने जणू आरपार दिसावीत अशी त्याची दृष्टी होती. परंतु टेबलावर जो कोणत्या क्षणी पाने टाकावीत हे अचूक जाणत होता, त्याला टेबलावरून कधी उठावे हे कधीच कळले नाही. कोकेन, घोडे, इतर पैजा यांत तो जिंकलेले सर्व ओतीत गेला. या दोन गोष्टी एकच विद्या आहेत असे आम्ही समजत होतो की नाही, हा प्रश्न नाही. त्या दोन आहेत हे उंगरच्या आयुष्याने सिद्ध केले, हे महत्त्वाचे.

जॉनी चॅन यांनी १९८७ व १९८८ साली विजय मिळविला. १९८९ साली तिसऱ्याच्या उंबरठ्यावर त्यांना २४ वर्षांच्या फिल हेल्म्यूथ याने अडविले. चॅन यांची रीत सापळ्याची: उत्तम पाने असता दुबळेपणाचे सोंग घ्यावे व समोरच्यास आपण होऊन पुढे येऊ द्यावे. मग २००३ साली क्रिस मनीमेकर हा टेनेसीतील हिशेबनीस, घरबसल्या शंभर डॉलरांहून कमी फी भरून पात्र झालेला, ८३९ जणांत पहिला आला व त्यास २५ लाख डॉलर मिळाले. अंतिम झुंजीत हाती काही नसता त्याने सर्वस्व पुढे ढकलले, आणि सॅमी फार्हा या अनुभवी भिडूने नव्व्यांची जोडी असूनही पाने टाकली. त्या हुलीचे गोडवे सर्वत्र गाइले गेले. दुसऱ्या वर्षी स्पर्धेस २५७६ जण आले, २००६ साली ८७७३. मनीमेकर जिंकला हे सर्वांनी वाचले. उरलेले ८३८ काय घेऊन घरी गेले हे वाचणारे थोडे.

आता प्रश्न असा की या रीतींत विद्या किती? पूर्वी याचा निवाडा करणे कठीण होते, कारण टाकलेली पाने कोणी पाहत नसे आणि न पाहिलेल्या डावावर टीका कशी करावी? १९९९ साली ब्रिटनमध्ये टेबलाच्या काचेखाली कॅमेरे ठेवून झाकलेली पाने प्रेक्षकांस दाखविण्यात आली, आणि खऱ्या अर्थाने पोकरची समीक्षा तेव्हापासून शक्य झाली. तिने काय दाखविले? उत्तम भिडू बहुतेक डाव खेळतच नाही. जी हूल आपण पडद्यावर पाहतो तिच्या मागे मुकाट्याने टाकलेली शेकडो पाने असतात. ती चित्रित करण्यात कोणास गोडी नाही. पुढे २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे लिब्राटस नावाच्या यंत्राने चार नामांकित व्यावसायिकांशी १,२०,००० डाव खेळून त्यांना हरविले. यंत्रास समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, घाम दिसत नव्हता. तेव्हा चेहरा वाचण्याच्या ज्या कथा चरित्रांत पानोपानी आहेत, त्या खेळाच्या मुळाशी नाहीत. मुळाशी आहे ते गणित आणि संयम. यंत्र एका डावाने चिडत नाही, हरलेले परत मिळविण्याची त्यास घाई नसते. ही दोन्ही अवगुणांची मुक्तता मनुष्यास साधली, तर तो विद्वान खरा.

म्हणून विद्या आहे, हे आम्ही मान्य करतो. कायद्यासही हा पेच सुटलेला नाही. मुंबईच्या १८८७ च्या कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ जुगारातून वगळले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीस कौशल्याचा खेळ मानून तीन पानांच्या खेळाहून निराळे ठरविले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने मात्र २०१७ साली पोकर जुगारात टाकला. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने तर कौशल्य की नशीब हा भेदच बाजूस ठेवून आंतरजालावरील पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु विद्या असली तरी ती कोणाच्या खर्चाने चालते, हा प्रश्न उरतो. बुद्धिबळात २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे कोनेरू हम्पीस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. हरलेलीचेही डाव जगास मिळाले, ते आपण घरी मांडून शिकू शकतो. पोकरमध्ये मात्र जिंकलेल्याचा पैसा म्हणजे हरलेल्याचाच पैसा, आणि त्यातून अड्डेवाल्याचा हिस्सा आधी वजा. सर्व भिडूंची बेरीज नेहमी उणे येते. सर्वच निष्णात झाले तर सर्वच थोडेथोडे बुडतील, इतके हे साधे अंकगणित आहे.

आमच्या पूर्वजांनी हा विषय अधिक खोल जाऊन पाहिला होता. नलाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजून सांगतो, आणि तीच मोजणीची विद्या, अक्षहृदय, नलास देतो. ही विद्या मिळाल्यावर नल काय करतो? पुष्कराशी एकदाच खेळतो, राज्य परत मिळवितो, पुष्करास त्याचे धन देऊन सोडतो, आणि उठतो. वनपर्वात हीच विद्या युधिष्ठिरास मिळते, परंतु सर्वस्व गेल्यानंतर. आमच्या मते या कथेचा कणा अक्षहृदय नव्हे, तर 'उठणे' आहे. आणि ज्या चरित्रांत तो नाही ती कितीही रंजक असोत, अपुरी आहेत.

हा प्रश्न केवळ वेगासचा असता तर आम्ही इतकी पाने खर्चिली नसती. पनवेल-उरण रस्त्यावरील जासई हे गाव वाचकांस ठाऊक असेल. दि. बा. पाटील यांचा जन्म १९२६ साली येथला. नवी मुंबईसाठी या टापूतील भातशेती व मिठागरे घेतली गेली, आणि १९८४ च्या जानेवारीत योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई व नवघर येथे गोळीबार होऊन पाच जण मृत्यू पावले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. ज्यांनी तेव्हा जीव पणास लावला, त्यांच्या पणात दुसऱ्या कोणाचा तोटा नव्हता. जे आपले होते तेच त्यांनी मागितले. जमीन दरसाल पीक देई. मोबदल्याची रक्कम मात्र एकदाच येते. आणि पोकरचा व्यावसायिक जो पहिला नियम शिकतो तो असा: जे गमावणे परवडत नाही ते टेबलावर आणू नये; एकूण पुंजीचा लहानसा अंशच एका बैठकीस काढावा. हा नियम प्रामाणिकपणे लावला, तर जमिनीच्या बदल्यात आलेले पैसे टेबलावर येऊच शकत नाहीत, मग ते टेबल मांडवीतील जहाजावर असो वा हातातील यंत्रावर. पोकरची विद्याच पोकर न खेळण्यास सांगते, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

तेव्हा जे तरुण ही चरित्रे वाचतात त्यांनी ती जरूर वाचावीत. आम्ही ती त्यांच्या हातून हिसकावून घ्या असे म्हणणार नाही. मात्र वाचताना विजेत्याने कोणते पान खेळले यापेक्षा किती पाने टाकली याकडे लक्ष द्यावे, ब्रन्सन आणि उंगर यांच्या शेवटांची तुलना करावी, आणि प्रत्येक विजेत्यामागे उभ्या असलेल्या अनामिक भिडूंचा हिशेब स्वतः मांडावा. वडीलमाणसांनीही 'जुगार' या एका शब्दाने विषय मिटवू नये. मुलाशी बसून तो हिशेब करावा. हिशेब करणाऱ्या घरात हूल फारशी चालत नाही.