कोरी गुंडाळी

मोझरीच्या माणसानं परक्या भाषेतल्या प्रयोगाबद्दल बोलायचं तर सुरुवात 1955 सालापासून करावी लागते. त्या वर्षी आमच्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाचे तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले आणि आपल्या भाषेचा गंधही नसलेल्या श्रोत्यांसमोर त्यांनी खंजिरीवर भजन म्हटलं. लहानपणी मी आबाजींना विचारलं होतं, ‘‘तिथल्या लोकाईले काय समजलं असन?’’ ते म्हणाले, ‘‘शब्द नसन समजला. ठेका तं समजला ना बाप्पा!’’ मला तेव्हा ती टोलवाटोलवी वाटली होती.

टोकियोत काबुकी, म्हणजे तिथलं पारंपरिक नाटक, पाहायला बसलो तेव्हा न समजणाऱ्याच्या जागी मी होतो. तिकीट स्वस्तातलं, वरच्या मजल्यावरचं. अर्थ सांगणारं, कानात लावायचं यंत्र भाड्यानं मिळत होतं, ते घेतलं नाही. कथा तेवढी आधी वाचून ठेवली होती.

नाटक ‘कान्जिन्चो’. सातव्या इचिकावा दान्जुरोनं ते 1840 साली पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. थोरल्या भावाची मर्जी फिरल्यामुळे योशित्सुने हमालाच्या वेषात पळतोय. सोबतचा सेवक बेन्केई आणि इतर साथीदार डोंगरातले बैरागी बनलेत. वाटेत नाका लागतो. नाक्यावरचा अधिकारी तोगाशी अडवतो. बेन्केई सांगतो, आम्ही देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करतोय. तोगाशी म्हणतो, मग वर्गणीचं पत्र वाचून दाखव. पत्र कुठलं असायला? बेन्केई एक कोरी गुंडाळी उलगडतो आणि खणखणीत आवाजात वाचू लागतो.

इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. स्वर पोटातून निघायचा, लांबायचा, मध्येच कापल्यासारखा थांबायचा. तोगाशी हळूच पुढे सरकून गुंडाळीत डोकावायला जातो. बेन्केई झटक्यात ती स्वतःकडे ओढतो आणि दोघेही तिथल्या तिथे थिजतात. मागे रांगेत बसलेले शामिसेनवाले, ढोलवाले, रंगवलेला एक पाइन वृक्ष. बाकी मंच मोकळा. तो वाचत होता त्यावर एक अक्षर नव्हतं. मग मला एक अक्षर कळत नव्हतं, यात बिघडलं काय? तोगाशीपुढेही नुसता आवाजच होता, आणि माणूस खरा की खोटा हे त्याला त्यावरूनच ठरवायचं होतं.

रिकाम्या जागेची सवय तशी मला गुरुकुंजातलीच. सामुदायिक प्रार्थनेत समोर अधिष्ठान असतं, त्यावर मूर्ती नसते. महाराजांच्या पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा समुदाय निःशब्द होतो, तेव्हा कानाला काय काय ऐकू येतं ते तिथे असलेल्यालाच ठाऊक.

नाटकात पुढे नाक्यावरच्या शिपायाला हमालाचा संशय येतो. तो फिटावा म्हणून बेन्केई आपल्याच धन्याला काठीनं बडवतो. तोगाशी सगळं ओळखतो आणि त्यांना जाऊ देतो. तो चेहरा वाकडा करत नाही, हुंदका देत नाही. आत जाताना फक्त मान वर करतो, डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ नये म्हणून. आपल्याकडच्या एखाद्या नटानं इथे टाळ्या वसूल केल्या असत्या.

मग तोगाशी मद्य घेऊन परत येतो. तो मद्यपानाचा प्रवेश मात्र मला लांबलेला वाटला. शेजारचे लोक खुदखुदत होते, मी घड्याळ बघत होतो. ठेक्यावर सगळंच भागत नाही, हे आबाजींना सांगायला हवं होतं.

शेवटी पडदा सरकतो आणि बेन्केई एकटाच त्याच्या पुढे उरतो. आधी नमस्कार करतो. मग प्रेक्षकांमधून मागच्या दारापर्यंत जाणाऱ्या हानामिची नावाच्या लाकडी वाटेवरून, धनी पुढे गेला त्या दिशेनं, हातपाय फेकत एकेका पायावर उड्या घेत निघतो. वरच्या जागेवरून त्या वाटेचं पहिलं टोक तेवढं दिसत होतं. चार उड्यांनंतर तो माझ्या कठड्याखाली गडप झाला. शेजारचे वाकून बघू लागले. मी वाकलो नाही. त्याच्या पायाखालच्या फळ्या वाजत होत्या, आधी जड, मग जलद, मग फार जलद, आणि माझी बोटं गुडघ्यावर खंजिरी धरल्यासारखी चालू झाली होती.