पात्र कोण?

नियमपुस्तकाचं परीक्षण कुणी लिहीत नाही. कवितासंग्रहावर पानंच्या पानं खर्ची पडतात. पण हौशी मोटरसायकल ड्रॅग रेसिंगचे पात्रता-नियम, ज्यांत ओळीओळीला कुणी ना कुणी बाद होतो, ते बिचारे उपेक्षितच!

खेळ तसा सोपा. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे 402 मीटर, दोन गाड्या. आमच्या क्रांती चौकात सिग्नल सुटला की स्कूटरवरचे आजोबासुद्धा तो खेळतात. पण पात्रता फेरीत घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचं चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. म्हणजे दिवा लागल्यावर तुम्ही पान जमवून निघालात तरी वेळेत फरक नाही! बाद फेरीत मात्र जो आधी पोचेल तो जिंकला. त्यामुळे तिथे अव्वल नंबराचा वीर डुलकी लागून शेवटच्याकडून हरू शकतो. शेजारचं पोर म्हणालं, “काका, मग पात्रता कशाला काढली?” जोड्या लावायला, बाळ. पहिल्याला बहुधा मंद गडी मिळतो, एवढंच त्याचं बक्षीस.

पुस्तकातलं उत्तम प्रकरण ब्रॅकेट रेसिंगचं. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते स्वारानं आधीच सांगायचं. मंद गाडी फरकाइतकी आधी सुटते. आणि प्रतिस्पर्धी नेमका राहिला अन् तुम्ही सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात, तर हरलात! लग्नाच्या बैठकीत हा नियम लावला तर किती थापा वाचतील. दूधवाल्याची शंभर सीसीही इथे हजार सीसीला पाणी पाजू शकते. आपल्याकडे बहुधा सीसीवर गट पाडतात. सोयीचं खरं, पण त्याच सीसीत ज्यानं जास्त पैसा ओतला त्याचं फावतं. इथे माझी नापसंती नोंदवतो.

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे. गाड्यांची वाण नाही. शंकरपटावर 2014 साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली, 2021 साली अटी घालून ती उठली. जोड्या पुन्हा सेकंदांवर धावू लागल्या. बैलांची सोय झाली. पोरांना मात्र रात्रीचा जालना रोड. शर्यतीच्या पट्टीवर 402 मीटरनंतर थांबायला लांबलचक मोकळी जागा ठेवतात; इथे पुढे दुभाजक, कुत्री आणि रिक्षा.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. “भारी आहे काका. पण आपल्या गावात ती पट्टी कुठंय?”

नियमपुस्तक मी पुन्हा उघडलं. ते प्रकरण त्यात नाही.