हंगाम बुडाल्यावर कलावंताची शोधाशोध

गुढीपाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे दिवस तमाशाच्या खऱ्या कमाईचे. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. २०२१ साली तो १३ एप्रिलला होता. दुसऱ्याच रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. सलग दोन हंगाम बुडाले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली, पण तमाशाची भिस्त यात्रांवर आणि यात्रा बंदच होत्या.

हे नुकसान समजायला फडाचा व्यवहार समजून घ्यावा लागतो. फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतो आणि त्यासाठी स्वतः खासगी सावकाराकडून कर्ज काढतो. हंगामात सुपाऱ्या वाजल्या की दोन्ही फिटते. हंगामच गेला तर मालकावर व्याज चढत राहते आणि कलावंताच्या डोक्यावर उचल तशीच उरते.

अशा वेळी महाराष्ट्र सरकारने काय केले? २०२१ मध्ये, म्हणजे दुसरा हंगामही हातचा गेल्यावर, सुमारे ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर झाली. दोन वर्षांच्या बेकारीपुढे ही रक्कम तुटपुंजी होती, आणि उशिराही आली. शिवाय अशी मदत कलाकार म्हणून ओळख पटवणाऱ्यालाच मिळते. ढोलकीवाला कागद जमवून ती पटवू शकेल. तंबू ठोकणारा, ट्रक चालवणारा, फडाचा आचारी यांनी ती कशी पटवायची?

इतर देशांनी काय केले तेही पाहू. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये कलासंस्थांसाठी १५७ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्यातून अनेक नाट्यगृहे आणि संगीतस्थळे तगली, पण कुठल्याच संस्थेच्या पगारावर नसलेले बरेच स्वतंत्र कलावंत वाऱ्यावर राहिले. जर्मनीने १०० कोटी युरोंची योजना आणली आणि पुढच्या वर्षी तितकीच भर घातली. या आकड्यांशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही. त्या तिजोऱ्याच वेगळ्या.

आपल्याला शिकण्यासारखे आहे ते फ्रान्सकडून. तिथे वर्षभरात ५०७ तास काम केलेल्या रंगमंचीय कलावंताला आणि तंत्रज्ञालाही बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो. साथ आल्यावर सरकारने या हक्काची मुदत ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवली. कोण कलावंत, हे शोधत बसावे लागले नाही, कारण कामाच्या तासांची नोंद आधीपासून होती आणि तीत पडद्यामागचा माणूसही होता.

आपल्याकडे सरकारला कलावंत दिसतो तो उतारवयात. ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार आहे. दोन्ही हवेतच. पण तिशीतली नर्तकी आणि चाळिशीतला सोंगाड्या, ज्यांच्या कष्टावर फड उभा असतो, ते ऐन उमेदीत सरकारदरबारी कुणीच नसतात. यात्रा थांबली की ते शेतमजुरीला जातात, आणि त्यातले काही परत येत नाहीत. वर्षानुवर्षे फडात मुरलेली कला अशी एकेका माणसाबरोबर आटत जाते.

म्हणून सांस्कृतिक कार्य विभागाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक फडातल्या, बिगाऱ्यापासून वगातल्या नायकापर्यंत, सगळ्यांची दर हंगामाला नोंद ठेवावी. फडमालकांना हंगामापुरते कमी व्याजाचे बँककर्ज मिळेल अशी हमी द्यावी. आणि सरकारी आदेशाने प्रयोग बंद झाले तर बुडालेल्या सुपाऱ्यांच्या प्रमाणात भरपाईचा नियम आजच करावा. पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हाती नाही. नोंदवही उघडणे मात्र सरकारच्या हाती आहे, आणि त्याला साथीची वाट पाहण्याची गरज नाही.